आवडती वाट आणि वाकडा नमुना

मे महिना लागला की मुंबई-पुण्याचे मित्र फोन करतात, "तुमच्या पिंगुळीच्या आजूबाजूला फिरायला काय काय आहे?" माझी यादी तयारच असते. पहिल्या दिवशी वालावल: लक्ष्मीनारायणाचं देऊळ, देवळालगतचा तलाव, मग कर्ली नदी. तिथून मालवणच्या वाटेवर धामापूरचा तलाव आणि काठावरची भगवती. थोडं चालायची तयारी असेल तर शिवापूरजवळचे मनोहर आणि मनसंतोष हे जोडकिल्ले. पाय खरंच मजबूत असतील तर नारूरकडून जंगलातून रांगण्याची चढण. कातळशिल्पं बघायची असतील तर मालवण तालुक्यातलं कुडोपी. पावसाळ्यात आलात तर अर्थातच आंबोली. आणि जाता जाता गावातच ठाकर समाजाची चित्रकथी आणि कळसूत्री बाहुल्या. ही परंपरा जपणाऱ्या परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा आमच्या गावाचं नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं.

ही यादी चांगलीच आहे, आजही मी ती सगळ्यांना देते. गडबड झाली ती वेगळीकडे. पीएचडीच्या पहिल्या पावसाळ्यात मी हीच यादी माझ्या फील्डवर्कचा आराखडा म्हणून वापरली. त्यातून काय चुकलं, ते संशोधनाच्या तयारीत असलेल्या तुम्हाला आधीच कळावं म्हणून हे लिहितेय.

माझा विषय आहे सड्यावरच्या पावसाळी वनस्पती. सडा म्हणजे आपल्या कोकणातलं जांभ्या दगडाचं सपाट पठार. मे महिन्यात बघाल तर काळा, तापलेला, उजाड कातळ. सातबाऱ्यावर अशा जमिनीपुढे बऱ्याचदा 'पोटखराबा' लिहिलेलं असतं, म्हणजे लागवडीला निरुपयोगी. आणि पावसाळ्यात त्याच कातळावर गेंदाची पांढरी बोंडं, सीतेच्या आसवांचा निळा-जांभळा गालिचा आणि चिकट थेंबांनी किडे पकडणारे दवबिंदू. या मातीत नायट्रोजन कमी, म्हणून दवबिंदू आणि सीतेची आसवं दोघंही किडे पकडून ती उणीव भरून काढतात. माझा प्रश्न साधा होता: या वनस्पती सड्यावर किती आहेत आणि कुठे आहेत?

पहिला पावसाळा मी वाटांनी चालले. दर पन्नास पावलांवर थांबायचं, वाटेच्या कडेला एक मीटर बाय एक मीटरची पाइपची चौकट टाकायची, आतली रोपं मोजायची, लिहून घ्यायचं. वही भरली, फोटो सुंदर आले. सप्टेंबरात आनंदाने गाइडसमोर बसले. सरांनी नकाशा बघितला आणि एवढंच विचारलं, "या जागा तू का निवडल्यास?"

मी म्हटलं, "सर, इथून वाट जाते."

"वाट का जाते तिथून?"

याचं उत्तर मला सरांकडे नाही, सड्यावर मिळालं. गुरं घेऊन आलेल्या एका आजींनी माझी चौकट बराच वेळ बघितली आणि म्हणाल्या, "गो बाय, फुला व्हयी तर वाटेर कित्याक शोधतंस? पाणी साचता थंय जा मगे."

आजींच्या या एका वाक्यात माझ्या वर्षभराच्या कामातली चूक होती. वाट माणसाने आणि गुरांनी पाडलेली असते. माणसाला पाय ओले नको असतात. त्यामुळे वाट सड्याच्या कोरड्या, टणक भागावरून वळसे घेत जाते आणि पाणी साचणारे खोलगट भाग टाळते. मी शोधत होते त्या वनस्पती नेमक्या त्याच खोलगटात वाढतात. म्हणजे वाट कशी जाते आणि माझी झाडं कुठे वाढतात, या दोन गोष्टी एकमेकींशी बांधलेल्या होत्या. यालाच नमुन्यातला कल म्हणतात, आपल्या बोलण्यातला 'सॅम्पलिंग बायस'.

आता थोडं गणित करू. आकडे काल्पनिक आहेत, हिशोब समजावा म्हणून घेतलेत. समजा, सड्याचा ८० टक्के भाग कोरडा आहे आणि २० टक्के ओला. कोरड्या भागात एका चौरस मीटरला सरासरी १ रोप, ओल्या भागात ११. मग पूर्ण सड्याची खरी सरासरी अशी:

०.८ × १ + ०.२ × ११ = ३ रोपं.

पण वाटेच्या कडेला ओला भाग जेमतेम ५ टक्के येतो. तिथली सरासरी:

०.९५ × १ + ०.०५ × ११ = १.५ रोपं.

खऱ्या संख्येच्या बरोबर निम्मी! इथे आपल्यातले बरेच जण म्हणतात, "मग नमुने वाढवू या. शंभराऐवजी हजार चौकटी टाकू." मीही तेच म्हटलं होतं. पण वाटेवर हजार चौकटी टाकल्या तरी उत्तर दीडच येणार, फक्त जास्त ठामपणे दीड. नमुना वाढवला की योगायोगाने होणारी चूक कमी होते, कल कमी होत नाही. उलट एरर बार लहान झाल्यामुळे चुकीचा आकडा अधिक विश्वासार्ह दिसायला लागतो. संख्याशास्त्राच्या पेपरात हे पाठ केलं होतं, समजलं मात्र सड्यावर.

दुसरी गंमत अशी की हाच कल प्रत्येक वेळी एकाच दिशेने चुकवत नाही. मनोहरगडाच्या किंवा रांगण्याच्या जंगलवाटेचा विचार करा. वाटेमुळे झाडोऱ्यात फट पडते, ऊन खाली येतं, माणसांची ये-जा असते. अशा कडेला रानमोडीसारखं बाहेरून आलेलं तण जोमाने वाढतं. फक्त वाटेवरून मोजलं तर वाटेल, सगळं जंगल रानमोडीने भरलंय. म्हणजे सड्यावरची वाट मला हवी ती वनस्पती लपवते आणि जंगलातली वाट नको ती वनस्पती फुगवून दाखवते. त्यामुळे "वाटेवरचे आकडे कमी येतात, थोडे वाढवून घेऊ" असा सरसकट उपाय चालत नाही.

आमच्या गावातला चित्रकथी पोथीतलं एकेक चित्र पुढे धरतो आणि कथा सांगतो. समोर कोणतं चित्र कधी येणार, हे त्याने ठरवलेलं असतं, म्हणून तर कथा रंगते. वाटेचंही तसंच आहे. वळण, मग दरी, मग धबधबा. फिरायला हे छानच. फक्त सड्याची पूर्ण पोथी आपण उलगडून बघितली, अशी समजूत करून घ्यायची नाही.

मग वाटेवरून केलेलं संशोधन वायाच म्हणायचं का? अजिबात नाही. इथे प्रश्नाचा प्रकार महत्त्वाचा. आंबोलीचं उदाहरण घ्या. हिरण्यकेशी नदीच्या उगमापाशी महादेवाचं देऊळ आहे. येणारा जवळजवळ प्रत्येक पर्यटक तिथे जातो. त्या देवळाच्या कुंडातल्या माशाचं शास्त्रीय वर्णन नवी प्रजाती म्हणून २०२० मध्ये प्रसिद्ध झालं: शिस्टुरा हिरण्यकेशी. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. इतक्या वर्दळीच्या जागी नवा मासा! कारण तिथे प्रश्न होता "हे काय आहे?" त्याचं उत्तर द्यायला जीव एकदा नीट सापडणं पुरतं, मग तो वाटेवर सापडो नाहीतर पायरीवर.

पण "किती आहेत?" आणि "कुठे नाहीत?" हे प्रश्न वेगळ्या जातीचे. तिथे न बघितलेल्या जागेबद्दलही बोलायचं असतं, म्हणून जागा कशी निवडली हे सांगावंच लागतं. आंबोलीचं नाव शोधनिबंधांत वारंवार येतं. २००९ मध्ये नव्याने वर्णन झालेला आंबोलीचा भेक, झँथोफ्रायनी टायग्रिना, हाही तिथलाच. आंबोली खरोखर समृद्ध आहे, यात शंका नाही. पण घाटातून पक्का रस्ता जातो, मुक्कामाची सोय आहे, त्यामुळे अभ्यासकही जास्त पोचतात. या दोन कारणांची सरमिसळ सुटी करायची तर दुसऱ्या, कमी फिरल्या जाणाऱ्या घाटात तेवढेच दिवस, तेवढेच तास, त्याच ऋतूत शोधायला हवं. नुसत्या नोंदी मोजून "आंबोली पहिली, बाकी मागे" असं म्हणता येत नाही.

काही वेळा वाटच योग्य असते, हेही सांगायला हवं. वाघांच्या मोजणीत कॅमेरे मुद्दाम जंगलातल्या वाटांवर लावतात, कारण वाघ वाटांनी चालतो. तिथे वाटेवरचे वाघ थेट क्षेत्रफळाने गुणत नाहीत. पट्ट्यांवरून प्रत्येक वाघ ओळखतात आणि तो किती वेळा, कुठे कुठे दिसला यावरून संख्या काढतात. वाट का निवडली याचं उत्तर त्यांच्याकडे आहे आणि ते गणितात धरलेलं आहे. माझ्याकडे उत्तर नव्हतं, एवढाच फरक.

दुसऱ्या पावसाळ्यात मी काय बदललं ते सांगते, तुमच्या विषयाला जमेल तसं वळवून घ्या.

आधी सड्याची हद्द नकाशावर आखली. मग ओला आणि कोरडा असे दोन स्तर पाडले. त्यासाठी पहिल्या वर्षीच्या वाटेवरच्या नोंदी फार उपयोगी पडल्या, आजींना बरोबर घेऊन मारलेली एक चक्कर त्याहून जास्त. मग क्यूजीआयएसमध्ये प्रत्येक स्तरात यादृच्छिक बिंदू टाकले आणि जीपीएस घेऊन त्या बिंदूंवर गेले. बिंदू जिथे येईल तिथे चौकट. शेजारी दोन पावलांवर छान फुलं दिसली तरी चौकट सरकवायची नाही! पहिल्या आठवड्यात हा नियम पाळताना जीव जायचा.

काही बिंदूंवर पोचता आलं नाही. एक कड्याच्या टोकावर, काही खासगी कुंपणात. यासाठी नियम आधीच लिहून ठेवला होता: कोणता बिंदू सोडायचा, त्याऐवजी कोणता घ्यायचा, आणि सोडल्याची नोंद कुठे करायची. जिथे जाता येत नाही त्या भागाबद्दल प्रबंधात दावा करायचा नाही, हेही त्यातच. प्रत्येक चौकटीपुढे जवळच्या वाटेपासूनचं अंतर लिहिलं, म्हणजे वाटेचा परिणाम किती हे नंतर तपासता येतं. शून्य आलं तर शून्य लिहायचं. रिकामी चौकट ही सुद्धा नोंद आहे. आणि एकाच सड्यावर जून, ऑगस्ट, ऑक्टोबर अशा तीन फेऱ्या, कारण ऋतू हीसुद्धा एक वाटच आहे. फक्त सोयीच्या महिन्यात गेलात तर तसाच कल येतो.

व्यवहारातल्या दोन गोष्टी. सड्यावर फुरसं असतं, तेव्हा गमबूट आणि काठी हवीच, एकटं जायचं नाही. आणि वाट सोडून चालायचं म्हणजे रोपं तुडवण्याचा धोका आपल्याकडून वाढतो. कुडोपीसारख्या ठिकाणी तर पायाखाली कातळशिल्पं असू शकतात. कोकणातल्या कातळशिल्पांच्या ज्या जागा २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेल्या, त्यांत कुडोपी आहे. अशा सड्यावर गावाला विचारल्याशिवाय, जागा माहीत असलेलं माणूस बरोबर असल्याशिवाय बिंदू टाकायचे नाहीत. आणि हे पथ्य फक्त संशोधकांसाठी आहे. फिरायला आलात तर वाट सोडू नका.

हे सगळं एवढं ताणून का सांगतेय? कारण सड्याबद्दलचा निर्णय एक दिवस कुणीतरी आकडे बघून घेणार आहे. भर उन्हाळ्यात, रस्त्याच्या कडेने केलेल्या पाहणीत "इथे विशेष काही आढळलं नाही" असं लिहिलं गेलं, तर ते वाक्य खोटं नसेल. खरंच काही आढळलं नसेल! पण "आढळलं नाही" आणि "नाही" यांत जे अंतर आहे, ते कापायचं काम आपलं. माझ्या पहिल्या वर्षीच्या वहीनेही सड्याला निम्म्याहून कमी लेखलं असतं, आणि तेही सड्यावर प्रेम करणाऱ्या, इथेच वाढलेल्या मुलीच्या हातून.

ती वही मी फेकली नाही. प्रबंधात ती 'प्राथमिक पाहणी' म्हणून आहे, आणि पुढचे सगळे प्रश्न तिच्यातूनच आले. म्हणून विषय शोधत असाल तर वाटांनी भरपूर फिरा. वालावलला जा, धामापूरच्या काठावर बसा, रांगण्याची चढण चढा. प्रश्न तिथे भेटतात. फक्त मोजायला सुरुवात करण्याआधी वहीच्या पहिल्या पानावर एक ओळ लिहा: या जागा मी का निवडल्या? उत्तर "इथून वाट जाते" असं आलं, तर चौकट खाली ठेवा आणि तिथल्या एखाद्या आजींना विचारा, पाणी कुठे साचतं.