पेटींतलें लांकूड आणि टेबलावरचें जहाज

एखाद्या हौशी गृहस्थानें पेटी विकत आणून तींतील तुकड्यांचें जहाज बनविलें, तर त्यांत त्याचें स्वतःचें कर्तृत्व तें काय, अशी शंका पुष्कळ सुज्ञ मंडळी घेतात. तयार भाग एकमेकांस नुसते चिकटविणें ही कांहीं कला नव्हे, हें खरेंच. परंतु लांकडी जहाजांच्या संचांस ही शंका लागू पडत नाहीं. त्या पेटींत जहाज नसतें, जहाजाचें लांकूड असतें. आणि या दोहोंतील अंतर आधीं न ओळखल्यामुळेंच कित्येक जहाजें अर्ध्यावर थांबून कपाटावर धूळ खात पडतात.

जहाजांच्या प्रतिकृति करण्याचा नाद जुना आहे. इंग्लंडच्या आरमारासाठीं सतराव्या शतकापासून तयार झालेल्या प्रतिकृति ग्रीनिच येथील संग्रहालयांत आहेत. त्यांपैकीं कित्येकींच्या खालच्या अंगास फळ्या न लावतां फासळ्या उघड्याच ठेविल्या आहेत, म्हणजे आंतली घडण डोळ्यांस दिसावी. पुढें नेपोलियनच्या युद्धांत नॉर्मन क्रॉस येथें ठेविलेल्या फ्रेंच कैद्यांनीं शिध्यांतल्या मांसाचीं हाडें जपून ठेवून, तीं तासून त्यांचीं जहाजें केलीं व विकलीं. आज डेन्मार्क, स्पेन, इटली, अमेरिका इत्यादि देशांतील कारखाने असे संच पुरवितात.

उदाहरणादाखल अमेरिकेच्या आरमाराचें ‘कॉन्स्टिट्यूशन’ घेऊं. हें जहाज १७९७ सालीं बोस्टन येथें पाण्यांत उतरलें व आजहि तेथेंच तरंगत आहे. ‘मॉडेल शिपवेज’च्या संचांतून होणारी त्याची प्रतिकृति मूळच्या सुमारें सत्त्याहत्तराव्या हिश्श्याची असून पुढील काठीसकट तिची लांबी जवळजवळ ४ फूट भरते. या मापानें साडेपांच फुटी खलाशी पुरता एक इंचहि होत नाहीं. आणि सुताराच्या भाषेंतील एका सुताची चूक मूळ जहाजावर साडेनऊ इंचांची ठरते. यावरून कामांतील नेमकेपणाची कल्पना येईल.

पेटींत काय असतें? यंत्रानें कापलेला कणा, त्यावर आडव्या बसवावयाच्या चौकटी, पातळ पट्ट्यांच्या जुड्या, डोलकाठ्यांसाठीं गोल काठ्या, धातूच्या तोफा, दोऱ्याचीं रिळें आणि नकाशे.

पहिलें काम कण्याचें. तो सपाट फळीवर ठेवून सरळ आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि मगच चौकटी गुण्यांत बसवाव्या. चौकटींच्या कडा काटकोनांत कापलेल्या असतात. पण जहाजाचें पोट नाळेकडे निमुळतें होत जातें, म्हणून तेथील कडा कानशीनें तिरप्या घासाव्या लागतात. एक लवचिक पट्टी साऱ्या चौकटींवरून वांकवून धरावी; ती सर्वत्र टेकली, कोठें उचलली किंवा दबली नाहीं, म्हणजे घासणें पुरें झालें. हें काम पुढें फळ्यांखालीं झांकून जातें. म्हणूनच मनुष्य येथें उतावीळ होतो, आणि येथलाच उतावीळपणा शेवटपर्यंत नडतो.

मग फळ्या. पट्टी भिजवून, ऊब देऊन हलक्या हातानें वांकवावी. एक डाव्या अंगास लावली कीं दुसरी उजव्या अंगास लावावी. एकाच बाजूच्या साऱ्या पट्ट्या आधीं लावल्यास त्यांच्या ओढीनें कणा पीळ खातो. जहाजाच्या मध्यापेक्षां नाळेशीं घेर कमी, म्हणून पट्ट्या टोंकाकडे निमुळत्या तासाव्या. न तासतां दडपलेली पट्टी शेजारणीवर चढल्यावांचून राहत नाहीं. पुष्कळ संचांत फळ्यांचे दोन थर असतात, खालचा मऊ लांकडाचा व वरचा अक्रोडाचा. खालचे खड्डे वरचा थर झांकील ही आशा व्यर्थ होय. पातळ अक्रोड तो खड्डा जसाच्या तसा दाखवितो.

शेवटीं दोर. डोलकाठ्या सांवरणारे दोर डांबरामुळें काळे, तर शिडें हालविणारे फिकट. डोलकाठीच्या दोन्ही अंगांचे दोर आळीपाळीनें ताणावे, नाहीं तर काठी कलते. त्यांवर खलाशांनीं चढावयाच्या आडव्या पायऱ्या एकेक गांठ मारून बांधावयाच्या असतात, आणि अशा गांठी शेंकड्यांनीं असतात. एका बैठकींत दोन-तीन पायऱ्या नीट झाल्या तरी पुष्कळ समजावें.

म्हणून नवशिक्यानें प्रथमच तीन डोलकाठ्यांची युद्धनौका घेऊं नये. याच कारखान्याचा ‘लॉवेल ग्रँड बँक्स डोरी’ या लहानशा सपाट तळाच्या मच्छीमारी होडीचा संच आहे. तींत दोर नाहींत, तोफा नाहींत. पण फळी वांकविण्याचा धडा पुरा मिळतो.

आराखड्याचें व क्रमाचें हें महत्त्व केवळ छंदापुरतें नाहीं. इंग्लंडांत ओकच्या लांकडाचा तुटवडा असल्यामुळें ‘ट्रिंकोमाली’ ही युद्धनौका मुंबईच्या गोदींत मलबारी सागवानाची बांधावयाचें ठरलें. तिचे नकाशे घेऊन ‘जावा’ हें जहाज मुंबईकडे निघालें असतां, २९ डिसेंबर १८१२ रोजीं ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ त्याची गांठ याच ‘कॉन्स्टिट्यूशन’शीं पडली. ‘जावा’ हरलें, नष्ट झालें, आणि नकाशेहि गेले. सागवान होतें, वाडिया घराण्याचे कसबी कारागीर होते. तरी आराखड्यावांचून काम लांबलें. अखेर जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखालीं झालेली ही नौका १२ ऑक्टोबर १८१७ रोजीं पाण्यांत उतरली. इंग्लंडांत हार्टलपूल येथें ती आजहि तरंगत आहे.

आपल्या नांदत्या घरांत हा छंद जमविणें कठीण नाहीं. सारें काम एका वेगळ्या फळीवर करावें, म्हणजे पानें मांडण्याच्या वेळीं तें उचलून ठेवितां येतें. सुरी वडील माणसांच्याच हातीं असावी. कांचकागदानें घासणें मुलांस खुशाल द्यावें. सुईदोऱ्यास सरावलेला आजीबाईंचा हात गांठींच्या कामांत बहुधा सर्वांस मागें टाकतो. ऐन पावसाळ्यांत मात्र फळ्या लावूं नयेत. हवेंतील ओल्यानें फुगलेलें लांकूड उन्हाळ्यांत आकसतें व सांधे उघडण्याचा संभव असतो.

आणि घरांत एखादें अर्धवट जहाज असेल, तर तें टाकून देण्यापूर्वीं एकवार खालीं काढावें. जेथें काम अडलें तेथें दोष नसून तो बहुधा एक पायरी मागें असतो: फळी बसत नसेल तर चौकटीची कड पाहावी, काठी कलत असेल तर समोरचा दोर पाहावा. फेव्हिकॉलसारखा पांढरा सरस आयसोप्रोपिल अल्कोहोलनें मऊ होतो व चुकलेली पट्टी सुटून येते. ती पुनः तासून जागच्या जागीं लावावी आणि पुढील पट्टी हातीं घ्यावी.