ग्रामसभा सरपंचांची नसते

भोर शहराच्या शेजारच्या उत्रोलीसारख्या गावाचा कारभार बाहेरून पाहणाऱ्याला शहराचाच भाग वाटतो. बाजार भोरचा, एस.टी. स्टँड भोरचं, तहसील आणि कोर्टही तिथलंच. कायद्याने मात्र या दोन ठिकाणच्या मतदाराचं स्थान फार वेगळं आहे. नगरपरिषदेचा मतदार नगरसेवक निवडून देतो आणि पुढची पाच वर्षं अंदाजपत्रकावर हात वर करण्याचा अधिकार नगरसेवकांकडे जातो. ग्रामपंचायतीच्या गावात तसं नाही. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक माणूस ग्रामसभेचा सदस्य असतो. त्यासाठी त्याला कुठली निवडणूक जिंकावी लागत नाही. 73व्या घटनादुरुस्तीने, म्हणजे 24 एप्रिल 1993 पासून, ग्रामसभेला राज्यघटनेत जागा मिळाली. पंचायतीची मुदत पाच वर्षांनी संपते, ग्रामसभेला मुदतच नाही. तरीही "ग्रामसभा म्हणजे सरपंच-सदस्यांची मीटिंग, आपण फार तर ऐकायला जायचं" हा समज पक्का बसला आहे. गावकीच्या बाकीच्या सगळ्या गैरसमजांचं मूळ याच एका समजात आहे.

सरपंच या सभेचे अध्यक्ष असतात, मालक नसतात. थेट जनतेतून सरपंच निवडण्याची पद्धत 2017 मध्ये आली, 2020 मध्ये गेली आणि 2022 मध्ये परत आली. तेव्हापासून "सरपंच थेट निवडून आलेत, आता त्यांना कोण विचारणार?" असं सर्रास बोललं जातं. कायद्यात नेमकं उलट आहे. थेट निवडून आलेल्या सरपंचावर सदस्यांनी अविश्वास ठराव मंजूर केला, तरी तेवढ्याने काम भागत नाही. तो ठराव विशेष ग्रामसभेपुढे जातो आणि तिथे गुप्त मतदानाने त्याचा निकाल लागतो. ज्या मतदारांनी बसवलं, त्यांनाच विचारून उठवायचं, अशी ही रचना आहे.

दुसरा समज जास्त नुकसान करतो: लोक गेलेच नाहीत तर सभा होणारच नाही, मग ठराव कसला? गणपूर्तीचा नियम बघा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी हजेरी लागते. पाचशे मतदारांच्या वस्तीत ही संख्या 75 होते. मतदार 667 च्या पुढे गेले की गाव कितीही वाढलं तरी शंभर माणसं पुरतात. पंधराशे मतदारांच्या गावात शंभर म्हणजे पंधरातला एक. आणि तेवढेही आले नाहीत, तर सभा तहकूब होते. तहकूब सभा पुन्हा भरते तेव्हा तिला गणपूर्तीची अटच नसते. विषयपत्रिकेवरचे तेच विषय समोर येतात, आणि जे चार लोक बसलेले असतात त्यांच्या संमतीने मंजूर होतात. न जाणाऱ्याने विरोध नोंदवला, असं कायद्याला कुठेच दिसत नाही. त्याने फक्त आपलं मत हजर असलेल्यांच्या हवाली केलेलं असतं. म्हणून हजेरीची वही घरी आली की ओट्यावर बसून सही करून देण्याची सवय वाईट. ती सही गणपूर्तीत मोजली जाते आणि सही करणाऱ्याला काय मंजूर झालं याचा पत्ता नसतो. नोटीस फळ्यावर लागते तेव्हा ती शेवटपर्यंत वाचावी. "मागील सभेचे इतिवृत्त कायम करणे", "जमाखर्च वाचून मंजूर करणे" अशा ओळीवर नजर ठरत नाही, पण वर्षभराचा पैसा त्या दुसऱ्या ओळीत असतो. सर्वांत खाली असतं "ऐन वेळी येणारे विषय". तिथे काय येतं, हे सभेत बसल्याशिवाय कळत नाही.

पैशाचा विषय यात्रेपाशी येऊन अडतो. यात्रा ग्रामपंचायत भरवते असं अनेकांना वाटतं, आणि मग मंडप, कुस्त्या, तमाशा यांच्या खर्चाचा राग पंचायतीवर निघतो. बहुतेक गावांत यात्रा भरवते ती यात्रा कमिटी किंवा देवस्थान ट्रस्ट, आणि पैसा असतो वर्गणीचा. पंचायतीकडे पाणी, दिवाबत्ती, झाडलोट येते. जत्रा आणि सांस्कृतिक कार्यक्रम हे पंचायतीचे विषय नाहीत, असं मात्र नाही. राज्यघटनेच्या अकराव्या अनुसूचीतल्या 29 विषयांत दोन्ही आहेत. पण पंधराव्या वित्त आयोगाच्या 2021-22 पासूनच्या निधीतला 60 टक्के भाग पाणी आणि स्वच्छता यांनाच बांधलेला होता. त्यातून मंडप घालता येत नाही. पंचायतीच्या स्वतःच्या उत्पन्नातूनही मागासवर्गीयांसाठी 15 टक्के, महिला व बालकल्याणासाठी 10 टक्के आणि दिव्यांगांसाठी 5 टक्के खर्च ठरलेला आहे. हे आकडे गावात किती जणांना ठाऊक असतात? उलट यात्रेची वर्गणी कोणी किती दिली, मंडपवाल्याला किती गेले, शिल्लक किती, हे गाव चोख विचारतं. वर्गणीदारांची नावं फलकावर लागतात आणि हिशेब देवळात वाचला जातो. म्हणजे हिशेब मागणं गावाला नवीन नाही, ते त्याच्या अंगवळणी पडलेलं आहे. फक्त ते देवळाच्या पायरीवर थांबतं.

यावर कोणी म्हणेल, वर्गणी आमच्या खिशातली, पंचायतीचा पैसा सरकारचा. पण घरपट्टी, पाणीपट्टी खिशातूनच जाते. आणि वित्त आयोगाचा निधी म्हणजे कुणा पुढाऱ्याने आणलेली भेट नाही. तो घटनात्मक तरतुदीने, मुख्यतः लोकसंख्येच्या प्रमाणात येतो, म्हणजे गावातल्या प्रत्येक डोक्यामागे येतो. त्याचा आराखडा "आमचं गाव, आमचा विकास" उपक्रमाखाली ग्रामसभेत ठरायचा असतो, आणि झालेला खर्च ई-ग्रामस्वराज संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे. शिरवळ किंवा खेड-शिवापूरकडे कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या माणसाने रोजंदारी बुडवून सभेला का बसावं, जेव्हा ठराव कागदावरच राहतात? ठराव कागदावर राहतात हे खरं आहे आणि ते चीड आणणारं आहे. पण ठरावाला अर्थच नसतो, हे खरं नाही. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीने 4 मे 2022 रोजी विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं थांबवायचं, असा तो निर्णय होता. त्याच महिन्यात राज्य सरकारने परिपत्रक काढून इतर पंचायतींनाही तसं आवाहन केलं. एका गावाच्या सभेतला कागद मंत्रालयापर्यंत गेला. वेळेच्या अडचणीवर कायद्याने थोडा उपाय ठेवला आहे: आर्थिक वर्षात किमान चार ग्रामसभा व्हायला हव्यात, आणि प्रत्येक नियमित ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा. ही महिला सभा अनेक ठिकाणी उपचार म्हणून उरकली जाते, हे फार वाईट आहे. नळाला पाणी किती वाजता येतं आणि किती वेळ टिकतं, हे जिला रोज ठाऊक असतं तिचं म्हणणं त्यामुळे वहीत येतच नाही.

गावालगत नव्याने प्लॉट घेऊन राहायला आलेल्यांचा आणखी एक घोटाळा होतो. घरपट्टीची पावती आणि नमुना आठचा उतारा हातात असला, की आपण ग्रामसभेचे सदस्य झालो आणि जागेचे मालकही ठरलो, असं ते धरून चालतात. नमुना आठ ही कर आकारणीची नोंद आहे, मालकी त्याने सिद्ध होत नाही. आणि सभासदत्व ठरतं मतदारयादीवरून. मत पुण्यात ठेवून राहणं उत्रोलीत असेल, तर करही भरायचा आणि सभेत मतही द्यायचं नाही, अशी गत होते. नाव हलवून घेणं हाच त्यावरचा मार्ग.

विषय मांडायचा असेल तर तो नोटीस निघण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे लेखी द्यावा आणि पोच घ्यावी. सभेनंतर इतिवृत्ताची प्रत माहिती अधिकारात मागता येते, आणि नोंद चुकीची असेल तर गटविकास अधिकाऱ्याकडे तक्रार करता येते. आणि आर्थिक वर्षातली पहिली ग्रामसभा तर चुकवूच नये. मागच्या वर्षाचा जमाखर्च आणि लेखापरीक्षणातले आक्षेप तिच्यापुढे ठेवणं पंचायतीवर बंधनकारक आहे.