सव्रण अस्थिभंग आणि पहिला तास

बीड तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगररांगेंत, लिंबागणेश हें गांव आहे. तेथील भालचंद्राच्या देवालयामुळें तें दूरवर ठाऊक आहे. परंतु आज आम्ही त्याचें नांव घेतों तें क्षेत्रमाहात्म्य सांगण्यासाठीं नव्हे. दिवाळीच्या सुमारास या भागांतील असंख्य कुटुंबें घरांस कुलपें लावून ऊसतोडीस जातात. बैलगाड्या, ट्रॅक्टर व त्यांमागील ट्रॉल्या, घाटांतील वळणें, खोल विहिरी, मळणीयंत्रें. हाड मोडण्यास येथें निमित्तांची वाण नाहीं. पण नुसतें हाड मोडणें हा एक प्रसंग, आणि मोडलेल्या हाडाचें टोंक कातडी फाडून बाहेर येणें हा सर्वस्वी निराळा. पहिल्यांत निसर्ग बरेंचसें काम आपण होऊन करितो. दुसऱ्यांत माती, शेण व त्यांतील जंतु थेट हाडापर्यंत पोंचतात, आणि पाय राहतो कीं जातो हा प्रश्न उभा राहतो.

आम्ही जन्मभर मुलांकडून शब्दरूपें घोकून घेणारे. वैद्यकांत आमचा अधिकार नाहीं. तरी सुश्रुतसंहिता हातीं घेतली असतां चिकित्सास्थानांतील भग्नचिकित्सेच्या अध्यायानें आम्हांस थक्क केलें. सव्रण भग्नाचा विचार आचार्यांनीं तेथें वेगळा केला आहे. तूप व मध यांनीं युक्त अशा कषायांनीं आधीं व्रणाचा उपचार करावा, मग भग्नाकडे वळावें. शिवाय त्याच अध्यायांत वैद्यास बजाविलें आहे कीं, भग्न पिकूं नये यासाठीं त्यानें झटावें. कारण मांस, शिरा व स्नायु पिकल्यावर तें मोठ्या कष्टानें साध्य होतें. जंतूंचें नांवही कोणास ठाऊक नव्हतें, तेव्हां काढलेला हा निष्कर्ष आहे. (एवढ्यावरून प्राचीनांस पेनिसिलीन माहीत होतें असें सांगणारे विद्वान् आम्हांस भेटले आहेत. त्यांस दुरूनच नमस्कार.)

युरोपांतही स्थिति फारशी वेगळी नव्हती. अशा जखमेंत अवयव कापून टाकणें हाच पुष्कळदां उपाय असे. १२ ऑगस्ट १८६५ रोजीं ग्लासगोच्या रुग्णालयांत जेम्स ग्रीनलीज या ११ वर्षांच्या मुलास आणलें. गाडीचें चाक पायावरून गेलें होतें. आमच्याकडील अपघातासारखाच अपघात. जोसेफ लिस्टर यांनीं कार्बोलिक अॅसिडांत भिजविलेली पट्टी जखमेवर ठेवली व सुमारें सहा आठवड्यांत हाड सांधलें. जंतुनाशनाचें युग तेथून सुरू झालें. परंतु पहिल्या महायुद्धांत बूलोन येथील प्रयोगशाळेंत अलेक्झांडर फ्लेमिंग यांना आढळलें कीं, खोल व वेड्यावांकड्या जखमेच्या कोपऱ्यांत वरून ओतलेलें जंतुनाशक पोंचतच नाहीं. उलट शरीराच्या रक्षक पेशींसच तें मारितें. पुढें १९२८ सालीं पेनिसिलीन ज्यांच्या दृष्टीस पडलें ते हेच गृहस्थ. त्या पेनिसिलीनचा सरकारी कारखाना आपल्या पिंपरीस १९५४ सालीं स्थापन झाला आणि पुढल्याच वर्षीं तेथें उत्पादन सुरू झालें.

अशा अस्थिभंगांत प्रतिजैविकाचा उपयोग खरोखर किती, हें १९७४ सालीं अमेरिकेंतील पॅट्झाकिस व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पडताळून पाहिलें. औषध न दिलेल्या रोग्यांत शेंकडा सुमारें १४ जणांस जंतुसंसर्ग झाला. पेनिसिलीन व स्ट्रेप्टोमायसीन दिलेल्यांत सुमारें १० जणांस. सेफालोस्पोरीन जातीचें औषध दिलेल्यांत मात्र दोन-अडीच जणांसच. आजही सेफाझोलिन हें त्याच कुळांतील औषध प्रथम देतात. जखम मोठी असल्यास किंवा शेतांतील माती व शेण आंत गेलें असल्यास डॉक्टर त्यास दुसऱ्या औषधाची जोड देतात.

आणि आतां मुख्य मुद्दा. औषध कोणतें यापेक्षां तें केव्हां, याला महत्त्व अधिक. हाड उघडें पडतांना त्यास रक्त पुरविणारें आवरण सोललें जातें. जेथें रक्त नाहीं तेथें रक्तावाटें जाणारें औषधही नाहीं. त्या निर्जीव तुकड्यावर जंतूंनीं चिकट पापुद्रा धरला कीं मग महिनेच्या महिने औषध घ्या, पू वाहतच राहतो. २०१५ सालीं नडगीच्या १३७ गंभीर अस्थिभंगांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यांत पहिली मात्रा ६६ मिनिटांच्या आंत मिळालेल्यांत संसर्ग कमी आढळला. ब्रिटनमधील अस्थितज्ज्ञ तर एका तासाची मर्यादा सांगतात.

लिंबागणेशसारख्या गांवीं हा तास कसा जातो? आमच्या एका विद्यार्थ्याच्या वडिलांचा पाय ट्रॉलीखालीं सांपडला. प्रथम हळद भरली, मग वाहन शोधलें; वाटेंतील एका दवाखान्यानें पट्टी बांधून "पुढें हलवा" म्हटलें. पहिली सुई टोंचली ती रात्रीं. पाय राहिला, परंतु दोन वर्षें पू वाहिला आणि जमिनीचा एक तुकडा विकावा लागला.

म्हणून सांगतों. हाड आंत ढकलूं नये. हळद, कॉफी, राख कांहीं भरूं नये. जखमेचें एक छायाचित्र फोनवर घ्यावें, म्हणजे पट्टी पुन्हांपुन्हां उघडावी लागणार नाहीं. मग स्वच्छ ओलें फडकें ठेवून पाय फळीस बांधावा. शस्त्रक्रिया लागणार, तेव्हां धीर येण्यासाठीं म्हणून चहा पाजूं नये. १०८ क्रमांकाची गाडी बोलवावी. तिच्यांत डॉक्टर असतो. आणि पुढें पाठविण्यापूर्वीं, मग तें बीडला असो वा अंबाजोगाईला, शिरेंतून प्रतिजैविकाची पहिली मात्रा व धनुर्वाताचें इंजेक्शन येथेंच द्याल काय, असें घरांतील वडील माणसानें नम्रपणें पण स्पष्ट विचारावें. या औषधानें जखम धुण्याचें व मेलेलें मांस कापून काढण्याचें काम मात्र टळत नाहीं, तें शस्त्रवैद्याचेंच.

उलट, लहान जखम शिवून झाल्यावर एक दिवस, मोठीस साधारणतः तीन दिवस, एवढेंच औषध पुरतें. पंधरा-पंधरा दिवस "जोराचें" औषध मागणारे नातेवाईक आम्हीं पाहिले आहेत. दुकानांतून आपणच गोळ्या आणणारेही. १९४५ सालीं नोबेल पारितोषिक स्वीकारतांना फ्लेमिंग यांनीं याच धोक्याची सूचना दिली होती: अपुऱ्या मात्रेनें जंतु मरत नाहींत, सरावतात.

टोळी ऊसतोडीस निघतांना मुकादमाजवळ उचलीचा सर्व हिशेब लिहिलेला असतो. त्याच वहींत प्रत्येकाच्या नांवापुढें दोन गोष्टी लिहून घ्याव्या: धनुर्वाताचें इंजेक्शन कोणत्या वर्षीं झालें, आणि पेनिसिलीन सोसतें कीं नाहीं.