कोबीतला किडा आणि गुळाचे जंत

कोबीतला किडा मेंदूत शिरतो, या भीतीने पावसाळ्यात अनेक घरांत कोबी आणलाच जात नाही. पानांत दिसणारी ती हिरवी अळी मात्र फुलपाखराची किंवा पतंगाची असते. माणसाच्या शरीरात ती जगू शकत नाही.

मेंदूत पोचतो तो वेगळाच जीव. डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी माणसाच्या आतड्यात वाढतो आणि त्याची अंडी विष्ठेतून बाहेर पडतात. उघड्यावरचा शौच, सांडपाण्यावर पिकवलेली भाजी, नीट न कुजलेलं सोनखत, अशा वाटांनी ती पानांवर येतात. ती पोटात गेली की त्यांतून निघालेले भ्रूण रक्तावाटे मेंदूत जातात, तिथे गाठी होतात आणि कधी कधी काही वर्षांनी आकडी येते. टाळता येण्याजोग्या अपस्माराचं हे जगातलं एक मोठं कारण आहे. ‘आम्ही शाकाहारी, आम्हाला कसली भीती?’ हा दिलासा म्हणूनच फसवा आहे. अर्धवट शिजलेल्या डुकराच्या मांसातून आतड्यातला कृमी होतो. मेंदूतल्या गाठी होतात त्या अंड्यांमुळे. नीट शिजवलेला कोबी बिनधास्त खावा. कोशिंबिरीचा मात्र पान पान सुटं करून वाहत्या पाण्याखाली धुवावा.

‘गूळ खाऊ नको, जंत होतील,’ हे तर पिढ्यान् पिढ्या चाललं आहे. गोडाने दात किडतात, जंत होत नाहीत. पोटात अंडी गेल्याशिवाय गोलकृमी होत नाही. त्याची मादी दिवसाला दोन लाखांपर्यंत अंडी घालते; ती ओलसर मातीत दोन-तीन आठवडे मुरतात आणि न धुतलेल्या हातांवरून तोंडात जातात. अंकुशकृमीला तोंडाचीही गरज नाही. त्याची अळी अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरते, पुढे आतड्याला चिकटून रक्त पिते आणि मूल फिकट पडतं.

झोपेत दात खाणं ही जंतांची खूण नव्हे. रात्री गुदद्वाराशी खाज सुटत असेल, तर सूतकृमीची शंका जरूर घ्यावी.

धडधाकट मुलाला गोळी कशाला, असं पालक विचारतात. थोडे जंत असले तर काहीच त्रास जाणवत नाही, म्हणून १ ते १९ वर्षांच्या मुलांना १० फेब्रुवारी आणि १० ऑगस्टच्या सुमारास अंगणवाडीत, शाळेत अल्बेंडाझोल देतात. ती चुकवू नये. मात्र गोळी पुढची लागण थांबवत नाही. त्यासाठी संडास, साबण आणि चपलाच हव्यात.

कुणाला आकडी येत असेल, तर जंताची गोळी आपल्या मनाने देऊ नका. मेंदूत गाठी असल्या तर औषधाने तिथे सूज वाढू शकते. आधी डॉक्टरांना दाखवा.