डावा पाय पुन्हा शाळेत

साठी उलटलेला गृहस्थ सायकल शिकायला निघाला, तर शेजारीपाजारी हसणारच! आमच्या वसईतही हसले. पण माझी हकीकत ऐका, मग खुशाल हसा.

तीस वर्षे मी विरार लोकलच्या गर्दीशी झुंजलो. निवृत्तीनंतर एका सकाळी चहाची कपबशी डाव्या हातातून गळाली, तोंड वाकडे झाले, जीभ जड झाली. सूनबाईने तडक इस्पितळ गाठले. रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध साधारण ४॥ तासांच्या आतच देता येते, म्हणून वाचलो. डावे अंग मात्र लुळे पडले. पुढे चार महिने मी उंबरठा ओलांडला नाही. लोकांनी पाहू नये म्हणून खिडकीसुद्धा लावून घेई.

"काका, तुमचा पाय शाबूत आहे," व्यायाम करवून घेणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, "त्याला हुकूम सोडणारा मेंदूचा भाग दुखावलाय. उरलेल्या भागाला ते काम शिकवायचं, पुन्हा पुन्हा गिरवून!"

सायकलचे मर्म यातच आहे. मिनिटाला ४० फेरे धरले, तरी १० मिनिटांत पाय ४०० वेळा वाकतो नि सरळ होतो. एवढी पावले मी कुठली टाकणार?

आधी घरातली, जागच्या जागी फिरणारी सायकल. रक्तदाब आटोक्यात आला, डॉक्टरांनी होकार दिला, तेव्हा कोठे तीनचाकी बाहेर निघाली. डावे पाऊल पॅडलला पट्ट्याने बांधलेले, डोक्यावर हेल्मेट आणि डाव्या हाताला चिरंजीव. कारण या दुखण्यात माझे डावीकडे लक्षच जात नसे. एकदा तर केळीच्या वाडीचे अख्खे कुंपण मला दिसले नाही! घरातल्या सायकलला ना वळण, ना खड्डा, ना समोरून येणारी टोपली. रस्त्यावर पायाबरोबर डोळ्यांनाही धडा मिळतो. मात्र डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणी हे धाडस करू नये.

परवा भल्या पहाटे किल्ल्यापर्यंत गेलो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली तो जिंकला. मी फक्त डावीकडचे एक वळण जिंकले, तेही चिरंजीवांनी आठवण न करता!

सदऱ्याची बटणे अजून सौभाग्यवतीच लावते. पण यंदा फराळाची ताटे घेऊन शेजाऱ्यांकडे मीच जाणार आहे, तीन चाकांवरून. हसायचे असेल, तर तेव्हा हसा; मीही हसेन.