नळीत घडणारे नॅनोकण

फ्लो केमिस्ट्री म्हणजे भांड्याऐवजी नळीत अभिक्रिया घडवण्याची पद्धत. दोन किंवा अधिक द्रावणे पंपांनी सतत ढकलली जातात, टी-जोडात एकत्र येतात आणि पुढच्या वेटोळ्यातून वाहताना त्यांची अभिक्रिया पुरी होते. तेलशुद्धीकरण आणि खतांचे मोठे कारखाने सलग प्रवाहावर कित्येक दशके चालत आले आहेत. प्रगत पदार्थांच्या प्रयोगशाळांत मात्र ही पद्धत रुळली ती एकविसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून, आणि तीही मिलिमीटरभर किंवा त्याहून बारीक नळ्यांतून.

या पद्धतीत वेळ नळीच्या लांबीत मोजता येतो. 10 मिलिलिटर आकारमानाच्या वेटोळ्यातून मिनिटाला 2 मिलिलिटर द्रव सोडला, तर तो आत सरासरी 5 मिनिटे राहतो. काळ कमी करायचा तर नळी आखूड करायची किंवा पंप जोरात चालवायचा. अभिक्रियेचा तिसावा सेकंद कसा दिसतो हे पाहायचे असेल, तर नळीवरच्या तेवढ्या अंतरावर प्रकाशाचा झोत टाकून वर्णपट घेता येतो. प्रवाह स्थिरावला की तिथे कायम तिसावाच सेकंद चालू असतो.

वेळेवरच्या या नियंत्रणाचे महत्त्व क्वांटम डॉट्स नावाच्या नॅनोकणांमध्ये चांगले दिसते. कॅडमियम सेलेनाइडचा कण सुमारे 2 नॅनोमीटरचा असेल तर निळसर प्रकाश देतो, 6 नॅनोमीटरचा असेल तर लाल. पदार्थ तोच, रंग फक्त आकाराने ठरतो. म्हणून सगळे कण सारख्या आकाराचे हवेत. 1993 साली अमेरिकेतील एमआयटीत माउंगी बावेंडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे 300 अंश सेल्सियसच्या द्रावणात कच्चा माल एकदम टोचून असे कण बनवले. 2023 च्या रसायनशास्त्राच्या नोबेलमध्ये बावेंडींचा वाटा आहे. या युक्तीमागचा विचार व्हिक्टर लामर यांनी 1950 मध्येच मांडला होता: सगळी केंद्रके, म्हणजे कणांची बीजे, एकाच झटक्यात तयार झाली आणि नंतर फक्त वाढत राहिली, तर कण एकसारखे होतात.

लहान चंबूत हे जमते. मोठ्या भांड्यात टोचलेला द्रव सगळीकडे पसरेपर्यंत एका कोपऱ्यात केंद्रके तयार झालेली असतात आणि दुसऱ्या कोपऱ्यात अजून सुरुवातही नसते. उष्णतेचेही तसेच. एक लिटरच्या गोल चंबूत दर घनमीटर द्रवामागे जेमतेम 48 चौरस मीटर पृष्ठभाग मिळतो. 1 मिलिमीटर व्यासाच्या नळीत तो 4000 चौरस मीटर असतो. त्यामुळे नळीतला द्रव काही क्षणांत तापतो आणि तितक्याच चटकन थंड करता येतो. रेणू विसरणाने मिसळायचे तर 1 मिलिमीटर अंतराला आठेक मिनिटे लागतात, 0.1 मिलिमीटरला पाचेक सेकंद. अंतर दहापट घटले की वेळ शंभरपट घटतो.

तरी नळी म्हणजे रामबाण नव्हे. एवढ्या बारीक नळीत प्रवाह स्तरीय असतो: नदीसारखीच मध्यधार वेगात, काठ संथ. मधला द्रव सरासरीच्या दुप्पट वेगाने निघून जातो आणि भिंतीलगतचे कण रेंगाळत फुगत राहतात. म्हणजे भांड्यातला जो दोष टाळायचा होता, तोच मागच्या दाराने परत येतो. यावरचा तोडगा म्हणजे प्रवाहाचे तुकडे करणे. मधे वायूचे बुडबुडे किंवा न मिसळणाऱ्या तेलाचे थेंब सोडले की द्रवाचा प्रत्येक तुकडा आतल्या आत घुसळला जातो आणि सगळे तुकडे जवळपास सारखाच काळ आत राहतात. 2005 मध्ये एमआयटीतच क्लाव्ह्स येन्सन आणि बावेंडी यांच्या गटाने वायूने तोडलेल्या अशा प्रवाहात कॅडमियम सेलेनाइडचे कण बनवून दाखवले.

चांदीच्या नॅनोतारांची कथा पुण्याशी जोडलेली आहे. काही दशक नॅनोमीटर जाडीच्या आणि मायक्रोमीटरमध्ये मोजण्याइतक्या लांब अशा या तारांचे विरळ जाळे काचेसारखे पारदर्शक असते, तरी वीज वाहते. ठिसूळ इंडियम टिन ऑक्साइडच्या जागी ते लवचीक पडद्यांवर वापरता येते. सिल्व्हर नायट्रेट गरम एथिलीन ग्लायकॉलमध्ये घेतात आणि पीव्हीपी हे पॉलिमर घालतात. ग्लायकॉल चांदीला मुक्त करतो. पीव्हीपी तारेच्या बाजूंना चिकटून तिला जाड होऊ देत नाही, म्हणून ती टोकांकडून लांबत जाते. ही अभिक्रिया सलग प्रवाहात बसवण्याचे काम पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांच्या गटाने केले. कुलकर्णी यांना 2020 चा शांतिस्वरूप भटनागर पुरस्कार अभियांत्रिकी विज्ञानासाठी मिळाला.

धातूंच्या ऑक्साइडसाठी वेगळीच वाट आहे. 374 अंश आणि सुमारे 221 बारच्या पुढे पाणी अतिक्रांतिक होते. क्षार त्यात नीट विरघळत नाहीत आणि गार द्रावण अशा पाण्याला भिडताच नॅनोकण खाली पडतात. जपानच्या तोहोकू विद्यापीठात अदशिरी यांनी ही पद्धत 1990 च्या दशकात सुरू केली. मोठ्या भांड्यात एवढा दाब सांभाळणे महाग आणि जोखमीचे. पोलादी नळीत ते पुष्कळ सोपे जाते.

खरी डोकेदुखी म्हणजे नळी चोंदणे. घन पदार्थ बनवायचा आणि तो भिंतीला चिकटू द्यायचा नाही, ही मागणीच आडमुठी आहे. चांदी तर काचेवर आरसा धरते. टेफ्लॉनची नळी, तेलात तरंगणारे थेंब, अल्ट्रासाउंडचे हादरे असे उपाय चालतात, पण कोणताही कायमचा नाही. उत्पादन वाढवायला नळी जाड केली तर मिळवलेले सगळे फायदे जातात, म्हणून सारख्याच नळ्या समांतर लावतात; मग प्रत्येकीत सारखाच प्रवाह ठेवणे हे नवे काम होऊन बसते. जी अभिक्रिया चोवीस तास घेते, तिच्यासाठी हा खटाटोप बहुधा परवडत नाही.

पेरोव्स्काइट नॅनोकण मात्र सेकंदांत तयार होतात, आणि तिथे नळी फार उपयोगी पडते. झुरिकच्या ईटीएचमध्ये 2016 साली थेंबांच्या प्रवाहात सीझियम लेड हॅलाइड या पेरोव्स्काइटचे कण बनवून त्यांचा प्रकाश जागीच मोजला गेला. 2020 मध्ये नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात मिलाद अबोलहसानी यांच्या गटाने हेच मोजमाप संगणकाला जोडले: हवा तो रंग सांगायचा, मग यंत्र कणांचा प्रकाश तपासते, पुढचे प्रमाण स्वतः ठरवते आणि पंपांचे वेग बदलते.