नेटवर्क व्हिडिओ एन्कोडरची इनपुट मांडणी

नेटवर्क व्हिडिओ एन्कोडर हे कॅमेरा, व्हिडिओ मिक्सर किंवा संगणक अशा स्रोताकडून आलेले चित्र व ध्वनी संपीडित करून संगणकीय जाळ्यावरून पाठविणारे उपकरण आहे. स्रोताचा संकेत कोणत्या जोडणीतून, कोणत्या स्वरूपात व कोणत्या ध्वनीसह घ्यावयाचा, हे ठरविणाऱ्या पर्यायांना इनपुट मांडणी म्हणतात. ही मांडणी सहसा ब्राउझरमध्ये उपकरणाचा आयपी पत्ता उघडून केली जाते. संपीडन या टप्प्यानंतर होत असल्यामुळे येथे राहिलेला दोष पुढे बिटरेट वाढवूनही दूर होत नाही.

जोडणीचे प्रकार

एसडीआय जोडणीत ७५ ओहमची कोअॅक्सिअल केबल वापरतात. तिचा वेग साध्या चित्रासाठी सेकंदाला २७० मेगाबिट, एचडीसाठी १.४८५ गिगाबिट आणि १०८०पी५० चित्रासाठी २.९७ गिगाबिट असतो. एचडीएमआय जोडणीत स्रोताने एचडीसीपी संरक्षण लावलेले असल्यास एन्कोडर सहसा चित्र स्वीकारत नाही. अॅनालॉग कॅमेऱ्याचा संकेत एकाहून अधिक उपकरणांतून पुढे नेताना केवळ शेवटच्या उपकरणावर ७५ ओहमचे टर्मिनेशन चालू ठेवतात. ते दोन ठिकाणी चालू राहिल्यास चित्र मंद दिसते.

चित्राचे स्वरूप

बहुतेक एन्कोडर रेषासंख्या व चित्रवेग आपोआप ओळखतात. भारतात प्रचलित असलेल्या पाल पद्धतीत ६२५ रेषा व सेकंदाला २५ चौकटी, तर एनटीएससीत ५२५ रेषा व २९.९७ चौकटी असतात.

इंटरलेस्ड चित्रात प्रत्येक चौकट सम व विषम रेषांच्या दोन फील्डमध्ये विभागलेली असते. १०८०आय५० मध्ये सेकंदाला अशी ५० फील्ड येतात. संगणकाच्या पडद्यासाठी त्यांचे डीइंटरलेसिंग आवश्यक असते, अन्यथा हलत्या वस्तूंच्या कडांना कंगव्याच्या दातांसारख्या रेषा दिसतात. फील्डचा क्रम उलटा निवडल्यास हालचाल पुढे-मागे हिसके घेते. क्रीडाप्रक्षेपणात ५० फील्डपासून ५० चौकटी तयार केल्यास हालचालीतील सहजता टिकते. २५ चौकटी केल्यास ती कमी होते.

आपोआप होणाऱ्या ओळखीलाही मर्यादा आहेत. २५ पूर्ण चौकटींचे चित्र काही कॅमेरे १०८०आय५० च्याच रूपात पाठवितात. एन्कोडर त्यास इंटरलेस्ड समजून अनावश्यक प्रक्रिया करतो व उभ्या दिशेतील बारकावे गमावले जातात. अशा वेळी स्वरूप हाताने निवडावे लागते.

तेजाची व्याप्तीही जुळावी लागते. आठ बिटांच्या व्हिडिओत काळ्यासाठी १६ व पांढऱ्यासाठी २३५ हे मूल्य रूढ आहे, तर संगणक ० ते २५५ वापरतात. तफावत राहिल्यास चित्र फिकट दिसते किंवा गडद भागातील तपशील नाहीसा होतो.

ध्वनी

एसडीआय संकेतात ध्वनीच्या १६ वाहिन्या सामावू शकतात. त्यांपैकी योग्य जोडी निवडावी लागते. ध्वनी वेगळ्या केबलने घेतल्यास तो चित्राच्या आधी पोहोचू शकतो, कारण मिक्सरमध्ये चित्राला विलंब होतो. पाल पद्धतीत एका चौकटीचा विलंब ४० मिलिसेकंद असतो. तेवढाच विलंब ध्वनीस देऊन ओठांची हालचाल व आवाज जुळवितात.

संकेत खंडित होणे

स्रोत बंद पडल्यास शेवटची चौकट गोठवावी, काळा पडदा दाखवावा की सूचना द्यावी, हाही इनपुट मांडणीचा भाग असतो. प्रक्षेपणात क्षणिक खंड झाकण्यासाठी गोठविलेली चौकट सोयीची ठरते. सुरक्षा देखरेखीत मात्र तोच पर्याय धोकादायक असतो: पडद्यावर रिकामा दरवाजा दिसत राहतो आणि कॅमेरा बंद पडल्याचे पहारेकऱ्याच्या लक्षात येत नाही. त्यामुळे तेथे संकेत नसल्याची ठळक सूचना व इशारा देण्याची व्यवस्था केली जाते.